कांद्याच्या साली

श्कोदरच्या चर्चमध्ये तेव्हा व्हॉलीबॉल चालायचा.
देवाला अख्ख्या देशात बंदी.

बाईंनी सांगितलं, हात पुढे करा.
माझी बोटं तांबूस,
नखांच्या कडांना जरा जास्तच.
"बीट चिरलं," मी म्हणाले.
मधल्या सुट्टीची घंटा झाली
आणि मला कोंबडा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं.
कॉम्रेड लुमतुरी वाईट नव्हती;
उत्तर तिनंच पुढं सरकवलं:
"बीटच ना, द्रांदे?"
एवढं हो म्हटलं असतं
तर संध्याकाळी आम्ही एका ताटात जेवलो असतो.

आईचे हात ॲप्रनच्या खिशात होते.
तिनं ते काढून टेबलावर ठेवले,
मनगटापर्यंत तांबडे.
"पोर घाबरली. अंडी होती.
कांद्याच्या सालींत उकडलेली.
ईस्टर होता काल."

चार वर्षं ती दलदलीत कालवे खणत होती.
परतली तेव्हा करंगळी सरळ होत नव्हती.

खूप उशिरा मी विचारलं,
भीती नाही वाटली?

"वाटली की.
पाय लटलटत होते, पडलेच असते.
टेबल धरायचं
तर हात खिशातून काढावेच लागतात."