साडेतीनशे

सातपूरच्या दवाखान्यात चप्पल काढून
वजनकाट्यावर उभी राहिले.
काटा गेल्या महिन्याच्याच रेघेवर.
गांगोडे सिस्टर म्हणाल्या, पाचवा लागला ना गं,
मग हे काय?
आणि कार्डावर आकड्याखाली
पुन्हा तोच आकडा लिहिला.

रोजच्यापेक्षा साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात आता, म्हणाल्या.
मी अंबडला लाइनवर दिवसाला साडेतीनशे स्विच जोडते,
स्प्रिंग, पत्ती, दोन स्क्रू.
तेवढेच डोळ्यांपुढे आले.
वाटलं, बाळाला इतके स्विच कशाला?

हसल्या त्या. बोटांवर मोजून दाखवलं,
एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण,
मूठभर शेंगदाणे, नाहीतर दोन अंडी.
पालेभाजीवर लिंबू पिळ,
लोहाच्या गोळीवर तासभर चहा नको.
दोघांचं खा, असं नाही सांगत मी तुला.
तुझं तू पूर्ण खा, आणि वर हे.

तुझं तू पूर्ण.
सिटीलिंकमध्ये अशोकनगरपर्यंत तिथेच अडकले.
माझं किती, ते कधी वाढून घेतलेलंच नाही.
सासरे, दीर, नवरा जेवून उठले
की टोपलीत उरतं ते माझं.
नाही उरलं तर चहात पाव.

नवरा वाईट नाही.
टेम्पोतून पेटीभर द्राक्षं आणतो दिंडोरीची,
मणी गळालेली, गोड.
घोस घेऊन बसले की पोट भरल्यासारखं होतं, भूक मरते.
काट्याला मात्र गोडाचं काही वाटलं नाही.

पेठला आईला फोन लावला.
रेंजसाठी ती टेकाडावर चढली असणार, धाप ऐकू येत होती.
म्हणाली, फार खाऊ नको हां.
पोर मोठं झालं की अडतं.
तुझ्या वेळी एका भाकरीवर दिवस काढले मी,
सुपात मावलीस, चटकन सुटले.

मी गप्प.
त्या साली कणगीत नागली किती होती
ते मोठ्या बहिणीनं सांगितलंय मला.
अडेल म्हणून कमी खाल्लं, असं म्हणते आई.
होतंच कमी, असं नाही म्हणत.

सिस्टर म्हणाल्या ते सगळं सांगितलं तिला.
बघ बाई, म्हणाली,
आणि रेंज गेली की तिनं ठेवला, कळलं नाही.

आठवड्यानं सीबीएसवर पेठच्या गाडीच्या कंडक्टरनं
पोतडी हातात दिली.
दहा किलो नागली, निवडलेली, एक खडा नाही.
वर खुरासणीच्या चटणीचा डबा,
झाकणाला फडकं घट्ट बांधलेलं.
चिठ्ठी नव्हती. आईला लिहिता येत नाही.
फडक्याची गाठ सोडायला मला फार वेळ लागला.

कारखान्यात रंगाच्या वासानं अजून मळमळतं.
मेहरून मला खिडकीकडच्या बाकावर बसवते,
दोन उकडलेली अंडी, कागदात मीठ-तिखट.
म्हणते, सुपरवायझर बघतोय तर बघू दे,
त्यालाही कुणीतरी खाऊनच जन्माला घातलंय.

काल रात्री आठाच्या जागी नऊ भाकऱ्या थापल्या.
पहिली तव्यावरून उतरली,
तशी माझ्या ताटात घेतली.
सासरे उंबऱ्यातून म्हणाले,
सूनबाई, पहिली भाकरी गाईची असते.
म्हटलं, गायच समजा मामंजी.
गाभण आहे.

कुणी काही बोललं नाही.
दिरानं उगाच टीव्हीचा आवाज वाढवला.
थोड्या वेळानं सासऱ्यांनीच
वरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं,
तळाशी डाळ होती, तिकडून.

ओट्याशी उभ्यानं खायची सवय,
पहिला घास तसाच घेतला.
मग पाट ओढला,
आणि बसले.