दावा

रात्री अकराला फोन डाळीच्या डब्याला टेकवून
क्लारनेट वाजवलं. चार मिनिटं, बारा सेकंद.
मधे फ्रिज घरघरला, तोही राहू दिला.

फॉर्म विचारतो : रचना कोणाची?
चाल मास्तरांची. उदगीर, चौबाऱ्याजवळचा बँड.
त्यांनी ती बिदरकडच्या एका वरातीत ऐकलेली,
निम्मी विसरले, निम्मी मनानं भरली.
कोणती निम्मी, ते विचारायचं राहिलं.

शिकवणीचे पैसे घेतले नव्हते.
पत्ती धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले,
"वाजव की कुठंबी. नाव तेवढं माझं सांग.
अन् तुझ्याकून कुणी शिकलं, तर त्यालाबी हेच सांग."

परवान्यांच्या यादीत हेच शोधत होतो.
सापडलं. भाषा वकिली, पण बोलणं मास्तरांचंच.
खूण केली. खाली लिहिलं :
चांदपाशा महेबूबसाब अत्तार.

सकाळी दावा आलेला.
दोन-चाळीस ते दोन-एकोणपन्नास :
खिडकीबाहेर मागं सरकणारा टेम्पो,
त्याच्या रिव्हर्स हॉर्नमध्ये कुण्या कंपनीचं गाणं.

मास्तरांच्या चालीवर कुणाचाच दावा नाही.
दोनदा वाचलं.
आधी हायसं वाटलं. मग चहा गार होईस्तोवर
नुसता बसून राहिलो.