दुसरा प्रश्न

माझं इंग्रजी चुकत नाही.
तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं
गोळीचं विरघळणं मोजते मी,
अहवालात कर्ता, कर्म, क्रियापद
परीक्षानळ्यांसारखे स्टँडमध्ये उभे.
पण सोमवारी साडेतीनला डब्लिनहून फोन येतो.
कामाआधीची तीन मिनिटं.
वीकेंड कसा गेला, फियोना विचारते.
मी म्हणते, गुड.
आणि त्या गुडच्या पुढे
जिना नसलेल्या गच्चीवर उभी राहते.
म्यूटचं बटण तेवढं पटकन सापडतं.

म्हणून नेरूळ, सेक्टर वीस,
झेरॉक्सवाल्याच्या वरचा मजला,
शनिवारी सहा ते साडेसात.
रेनिटा डाबरे, असेल सत्तावीसची,
पहिल्याच दिवशी म्हणाली,
व्याकरण चपलांबरोबर बाहेर ठेवा,
कोणी उचलून नेणार नाही.
इथे नियम एकच:
समोरच्याचं उत्तर आलं
की त्यातलाच एक शब्द धरून
दुसरा प्रश्न विचारायचा.
ओह नाइस म्हणून सुटायचं नाही.

माझ्यासमोर हिराजी तांडेल.
करावे गावचे. न्हावा-शेव्याला
कंटेनर मोजता मोजता निवृत्त झालेले.
जगभरच्या कॅप्टनांशी बोललेले,
पण आकडे, आणि सीलचे नंबर.
आता नातू टोरांटोत, सहा वर्षांचा.
आजोबांचं इंग्रजी ऐकून हसतो म्हणे.
वाईट हसत नाही. हसतो.

चिठ्ठी निघाली: यूज्ड टू.
पूर्वी होतं, आता नाही, असं काहीही सांगा.
मी सांगितलं, आय यूज्ड टू प्ले कॅरम.
कुणाशी?
भावाशी.
तो कुठे असतो आता?
ऐरोलीत, म्हटलं, आणि थांबले.
ऐरोली इथून पाऊण तासावर.

मग त्यांची पाळी.
हियर, म्हणाले, आणि बोट खाली केलं,
फरशीकडे, माझ्या पर्सकडे.
हियर वॉज वॉटर.
भरतीचं, बांध घालून अडवलेलं,
उघडीतून आत घ्यायचं, उघडीतून सोडायचं.
अँड देअर वॉज वन फिश...
आणि शब्द संपला.

निवटा.
त्याला इंग्रजीत काय म्हणतात
मला ठाऊक नाही, रेनिटालाही नाही.
तिचा हात फोनकडे गेला, तिनेच मागे घेतला.
शब्द बंद असला तर मागच्या गल्लीनं या, म्हणाली.

ते आले.
मासा, पण चालतो.
चिखलावर, हातांवर.
डोळे पार डोक्यावर, जसे काही
पाहुण्यांची वाट बघतोय.
ओहोटीला आम्ही पोरं त्याच्या मागे,
तो बिळात, आम्ही खांद्यापर्यंत चिखलात.
वाक्य मोडत होतं, काळ घसरत होता,
वॉज, इज, पुन्हा वॉज.
दुरुस्त करायला मी तोंड उघडलं
आणि विचारलं,
बिळात हाताला काय लागायचं?

हिराजी गप्प झाले.
एवढ्या वर्षांत बहुतेक
मराठीतही हे कोणी विचारलं नसावं.
कोल्ड, म्हणाले.
वरती ऊन, आतमध्ये गार.
अँड समवन मूव्हिंग.
समथिंग नव्हे. समवन.
रेनिटानं ती चूक फळ्यावर लिहिली नाही.

रविवारी दादाला फोन लावला.
बरा आहे, म्हणाला.
बरा म्हणजे कसा, विचारलं.
पलीकडे बराच वेळ
कुकरची शिट्टीच ऐकू येत राहिली.
मग तो बोलायला लागला.

सोमवार. साडेतीन.
गुड, म्हणते मी,
आणि म्यूटकडे निघालेलं बोट
हवेतच ठेवते.
आय हर्ड अबाउट अ फिश दॅट वॉक्स.
दोन सेकंद काहीच नाही.
मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज.
वॉक्स व्हेअर?

हियर, म्हणते मी,
आणि फोनवर दिसणार नाही
हे माहीत असूनही
बोट खाली दाखवते.