एफ चौदा

कुडचड्यातलं थिएटर पाडलं तेव्हा
गुरुदासनं सलूनसाठी
बाल्कनीतल्या तीन खुर्च्या आणल्या.
एकाच पट्टीवर ठोकलेल्या, सुट्या होत नाहीत.

मी एफ चौदावर बसतो, दाढीला नंबर लावून.
गादी थोपटली की अजून लाल धूळ उडते,
खाणीवरचे ट्रकवाले रात्रीच्या शोला
अंगावरून आणायचे ती.
आधी खाणी बंद झाल्या,
मग रात्रीचा शो.

शेजारी इनास पेंगतो, प्रोजेक्टरवाला.
रीळ तुटलं की
सगळ्या गावाच्या शिव्या खाल्लेला माणूस.

आज भरदुपारी लाइट गेली.
पंखा थांबला, रेडिओ थांबला,
आणि इनास दचकून उठला
काळोखात चाचपावं तसे हात पुढे करून.

'बस रे,' गुरुदास म्हणाला,
'ही सरकारची गेलीय.'

तोवर त्याच्यामागे खुर्ची
आपोआप मिटली होती.