उजेड

फ्रीसलंड, ऑक्टोबर. कंदिलात तेल नव्हतं.
गाय अडलेली, आणि वीब्रन
कोपरापर्यंत आत, चाचपडत.

वर एक जड विमान घराकडे निघालं होतं.
खालून कुणीतरी त्याच्या पोटाशी आलं.
दोनदा खोकल्यासारखा आवाज,
बस.

मग फळ्यांच्या फटींतून उजेड शिरला,
पिवळा, हलता, इतका
की वासराचे खूर दिसले. मागचे.
त्यानं दोर बांधला, ओढला.

सकाळी बीटच्या शेतात
शिपाई सात मोजत होते, सहाच भरत होते.
हिस्केनं विचारलं, अंधारात जमलं कसं?
तो बादली विसळत राहिला.

कालवड होती. पुढं अकरा वर्षं दुभली.
नाव मात्र त्यानं
तिला कधी ठेवलं नाही.