साचा

शिरोलीत, भट्टीच्या शेडमागं,
जळक्या वाळूचा ढीग संपतो नि लाल माती लागते
तिथं तिनं जागा धरली.
तमन्नाच्या पिंजऱ्यातून सुटलेली, राखी,
एक कान दुमडलेला.

आधी वाळूत दोनदा उकरून बघितलं.
वाळू घरंगळून परत आत आली. सोडलं तिनं.
चार हात सरकून मातीत लागली.
मी बावीस वर्षं मूठ दाबून बघतोय,
ओल कमी तर कड ढासळते,
जास्त तर ओतताना साचा फुटतो.
हिला कुणी शिकवलं?

आप्पा म्हणाले, ससा कुठं बीळ करतोय व्हय रं,
ससा उसाच्या पाचटात अंग चोरून बसतोय,
पिल्लं उघड्या डोळ्यांचीच जन्मतात.
खरं आहे. पण तो कागलकडचा ससा.
ही दुसऱ्या मुलखाची. हिची पिल्लं येतात
आंधळी, बिनकेसांची, बोटाएवढी.
त्यांच्यासाठी आधी अंधार करून ठेवावा लागतो.

पुढचे पाय उकरतात, मागचे भिरकावतात,
मधेच वळून छातीनं माती लोटते बाहेर.
मूळ आडवं आलं की दातानं तोडते.
सरळ जात नाही. थोडं खाली, मग कोपरासारखं वळण,
मुंगसाला तोंडातून शेवट दिसायला नको.
पलीकडं घाणेरीच्या जाळीत अजून एक भोक,
आतून फोडलेलं.
त्याच्यापुढं मातीचा ढिगारासुद्धा नाही.

एके दिवशी दस्तगीर म्हणाला,
छाती बघ तिची, उपटून काढलीय.
सगळे केस आत नेले होते.
मग तोंड मातीनं बंद केलं, वरून दाबलं,
आणि निघून गेली, जणू काही झालंच नाही.

आम्हीही दिवसभर पोकळीच करतो,
पण तिच्यात लोखंड ओतायला.

रात्री एकदाच येते. दार उकरते,
चार मिनिटं पाजते, पुन्हा लिंपते.
दिवसा फिरकत नाही, वास लागेल कुणाला तरी.
तमन्ना म्हणाली, ही कसली आई.
दस्तगीर बोलला नाही.
त्याची महिनाभर रातपाळी होती.

शनिवारी लोडर आला, वाळू उचलायला.
मी पुढं होऊन हात आडवा केला,
या कडेनं घेऊ नको.
का रं, काय आहे तिथं?
म्हटलं, साचा आहे.
अजून ओला आहे.