मणी

रिमोटवर सव्वीसनंतर एकदम सत्तावीस.
मधलं काही नाही.
अब्बा म्हणाले, "हिला खुंटी आहे, मणी नाही."

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांना सांगते:
खुंटी पिळली की तार सुराच्या गल्लीपर्यंत येते.
दार सापडतं ते घोडीखाली ओवलेल्या मण्यानं.
तो नखभर सरकवायचा,
कधी नखाच्याही निम्मा.

एसी आम्ही माणसांसाठी घेतला नाही.
मिरजेचा मे, वर पत्रा,
धारवाडच्या बाईंचा तंबोरा पॉलिश होऊन, गवसणी चढवून
कोपऱ्यात उभा होता,
आणि रात्री एकच्या सुमाराला टक्क.
तबलीवर केसाएवढी भेग.
सकाळी अब्बांनी तिच्यावरून बोट फिरवलं,
चहा न घेताच खाली गेले.
चौथ्या दिवशी हप्त्यावर एसी आला.

पण एसी मोजतो आपल्या नाकापाशीची हवा, छताखालची.
अब्बा बसतात पोतं टाकून जमिनीवर.
वर सव्वीस असतं तेव्हा खाली तेवीस,
गुडघे कुरकुरतात,
तार चढते, मशीन थांबतं, तार उतरते,
खुंट्या पिळून पिळून तातोबा गुरवाचा अंगठा सोलला.

मग मी एक सेन्सर आणला,
शेंगदाण्यापेक्षा लहान,
आणि बाद झालेल्या भोपळ्यात टांगला,
अब्बांच्या मांडीच्या उंचीवर.
भोपळ्याला काय वाटतं ते भोपळ्यानंच सांगावं.
जुन्या मोबाईलवर नियम लिहिले:
इतकं झालं तर चालू, इतकं झालं तर बंद.
दशांशचिन्हानंतरचा आकडा, हा माझा मणी.

पहिल्यांदा हाव सुटली.
एक दशांशाचीच मोकळीक ठेवली,
तर मशीन दर दोन मिनिटांनी धडधडायला लागलं,
गल्लीतला दिवा मिचमिचायचा.
"उचकी लागलीय तिला," अब्बा म्हणाले, "पाणी पाज."
तीन दशांश. चार.
चारावर ती निवांत झाली.
मी वहीत लिहिलं: पंचवीस पूर्णांक आठ,
त्याच वहीत, जिथं अब्बा गिऱ्हाइकांच्या पट्ट्या लिहितात,
काळी दोन, पांढरी पाच.

राहिली जवारी.
तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सारत न्यायचा,
आवाज फुलतो त्या ठिकाणी थांबायचं.
ते ठिकाण दिसत नाही, ऐकावं लागतं,
आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्रेसर घुमायचा.
अब्बांचा हात हवेत तसाच.
रागावले नाहीत कधी.
परक्याचं बोलणं संपायची वाट बघावी
तसे बसून राहायचे.

मी आठवडाभर नुसती त्यांच्याकडे बघत होते.
जवारीच्या आधी ते चष्मा काढतात,
लाखेच्या डब्याच्या झाकणावर ठेवतात, डोळे मिटतात.
दर वेळी. न चुकता.
मी त्या झाकणावर चपटं बटण बसवलं
आणि वर फडक्याचा तुकडा.
चष्मा टेकला, मशीन गप.
चष्मा उचलला, सुरू.
कुणाला सांगितलं नाही.

"मशीन शहाणं झालं," तातोबा म्हणाला.
अब्बा काही बोलले नाहीत.

परवा दुपारी मोबाईलवर रेघ चढताना दिसली.
अठ्ठावीस. एकोणतीस पूर्णांक दोन.
पाऊण तास बंद.
धावतच माडीवर गेले.
चष्मा झाकणावर, पण मांडीत तंबोरा नव्हता.
घामानं सदरा पाठीला चिकटलेला,
आणि हातात धारवाडच्या बाईंची तबली,
भेगेत सरस भरून, दाबून धरलेली.

"थंडीत सरस धरत नाही," ते म्हणाले, डोळे न उघडता.
आणि थोड्या वेळानं,
"तुझं ते बटण डाव्या अंगाला सुटतंय.
वाटीत उरलाय बघ सरस,
लावून घे."